मुंगूस आपल्याकडे शुभ, बेटावर संकट

“मुंगसाले काहून मारलं बा त्यायनं?”

सप्टेंबर २०२४ मध्ये जपान सरकारनं जाहीर केलं की अमामी ओशिमा या बेटावर आता एकही मुंगूस उरलेलं नाही. जवळजवळ पाव शतक चाललेली मोहीम यशस्वी झाली. ही बातमी मी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी मोठ्यानं वाचून दाखवली, तेव्हा आत्या ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत बसली होती. भाजी बाजूला ठेवून तिनं वरचा प्रश्न विचारला.

तिचं वाईट वाटणं खरं होतं. “मुंगसा मुंगसा, तोंड दाखव” असं म्हणत रस्त्याच्या कडेला थांबायला तिनंच आम्हाला शिकवलं. गावाला निघताना मुंगूस दिसलं तर काम फत्ते, हाही तिचाच विश्वास. बाळाला सापापासून वाचवणाऱ्या आणि गैरसमजातून मारल्या गेलेल्या मुंगसाची गोष्ट सांगताना आजही तिचा गळा भरून येतो. अशा प्राण्याला एका सरकारनं ठरवून, पैसे खर्चून, बेटावरून नाहीसं का केलं असेल? त्या संध्याकाळी मला नीट सांगता आलं नाही. नंतर जे वाचलं, समजून घेतलं, ते इथे सांगतो.

परकं म्हणजे वाईट नव्हे

एखादा प्राणी किंवा वनस्पती माणसानं मुद्दाम किंवा नकळत दुसऱ्या मुलखात नेली, तर तिथे ती ‘परकीय प्रजाती’ ठरते. एवढ्यानं काही बिघडत नाही. मिरची, टोमॅटो, बटाटा, पपई हे सगळं अमेरिका खंडांतून आपल्याकडे आलं. मिरची आली नसती तर सावजी रस्सा कसा झाला असता, याची कल्पनाही नागपूरकराला करवणार नाही.

पण यातल्या काही प्रजाती नव्या जागी स्वतःहून पसरतात, तिथल्या मूळ जिवांना खातात, त्यांची जागा घेतात. त्यांना ‘आक्रमक’ म्हणतात. जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून २०२३ मध्ये काढलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार ३७ हजारांहून अधिक परकीय प्रजाती जगात नव्या जागी स्थिरावल्या आहेत. त्यांतल्या साडेतीन हजारांहून अधिक घातक आहेत. म्हणजे साधारण दहातली एक. याच अहवालातली आणखी एक नोंद मला जास्त अस्वस्थ करते. आक्रमक प्रजातींमुळे जे जीव पृथ्वीवरून कायमचे गेले, त्यांतले सुमारे ९० टक्के बेटांवरचे होते.

बेटांवरच एवढा घाला का?

शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नसतात. गावात चोरी होत नाही, मग कडीकोयंडा कशाला, अशी तिथली श्रद्धा. दूरच्या बेटावरचे जीव तसेच लाखो वर्षं बिनदाराच्या घरात राहिले. न्यूझीलंडमध्ये माणूस पोचण्यापूर्वी वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. मग पक्ष्यांनी उडायचं कशासाठी? किवीनं उडणं सोडलं. कित्येक पक्षी जमिनीवरच अंडी घालू लागले. शिकारी दिसला की पळायचं, हे ज्ञान त्यांच्या रक्तात उरलंच नाही, कारण शिकारी कधी आलाच नव्हता.

मग माणसाची बोट आली. बोटीतून उंदीर उतरले. उंदरांसाठी मांजरं आणली गेली. दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातल्या मॅरियन बेटावर १९४९ मध्ये हवामान केंद्रातल्या उंदरांचा बंदोबस्त करायला पाच मांजरं नेली. तीसेक वर्षांत त्यांची संख्या हजारांवर गेली आणि ती वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास समुद्रपक्षी खाऊ लागली. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून तपकिरी रंगाचा एक झाडावर चढणारा साप आला. ग्वामच्या जंगलातल्या बारा मूळ पक्ष्यांपैकी दहा तिथून नाहीसे झाले. पक्षी गेल्यावर कोळी बेसुमार वाढले. जंगलभर जाळी पसरली. विजेच्या तारांवर चढणाऱ्या सापांमुळे वारंवार वीज जाऊ लागली.

अमामीच्या मुंगसाची कथाही याच वळणाची. त्या बेटावर ‘हाबू’ नावाचा विषारी साप आहे. तो चावून माणसं दगावत. साप म्हटलं की मुंगूस, हे समीकरण आपल्यासारखंच तिकडेही लोकांच्या डोक्यात होतं. १९१० मध्ये गंगेच्या मुखाकडून आणलेली मुंगसं ओकिनावा बेटावर सोडली होती. त्यांच्या वंशातली तीसेक मुंगसं १९७९ मध्ये अमामीवर सोडण्यात आली. (आपल्या अंगणात येतं ते राखाडी मुंगूस वेगळं. हे त्याचं लहान चणीचं भावंड. पण तेही मूळ आपल्याच उपखंडातलं.)

घात इथे झाला. मुंगूस दिवसा फिरतं, हाबू रात्री. दोघांची गाठच क्वचित पडायची. सापाच्या वाटेला जाण्यापेक्षा मुंगसानं सोपं भक्ष्य शोधलं: अमामीचा काळा ससा, तिथले काटेरी उंदीर, बेडूक. हा काळा ससा जगात फक्त दोन बेटांवर सापडतो, अमामी ओशिमा आणि शेजारचं तोकुनोशिमा. अशा एकाच मुलखात सापडणाऱ्या जिवाला ‘प्रदेशनिष्ठ’ म्हणतात. तिथून तो गेला की जगातून गेला. २००० सालाच्या सुमारास मुंगसं दहा हजारांच्या आसपास पोचली होती. तीसाची दहा हजार, अवघ्या वीस वर्षांत.

मुंगसाचा यात काय दोष? ते भूक लागल्यावर जे करायचं तेच करत होतं. चूक त्याला तिथे नेणाऱ्या माणसाची, आणि म्हणूनच ती निस्तरणंही माणसाचं काम, असं मला मनापासून वाटतं.

कूलरची टाकी आणि नाला

एवढे प्राणी एका बेटावरून पूर्ण हटवता येतात का? येतात. का, ते समजायला आपला कूलर उपयोगी पडेल.

पावसाळ्याच्या तोंडाशी डेंग्यूची चर्चा सुरू झाली की घरोघरी कूलरच्या टाक्या तपासल्या जातात. पाण्यात अळ्या वळवळताना दिसल्या तर आपण टाकी पूर्ण उपसतो, घासतो, उन्हात कोरडी करतो. अर्धं पाणी काढून भागत नाही. तळाशी वाटीभर राहिलं तरी आठवड्यात डास हजर. पण टाकीला चार भिंती आहेत, म्हणून ती शंभर टक्के साफ करता येते. घरामागच्या नाल्याचं तसं नाही. तिथे फवारणी करा, गाळ काढा, वरून नवं पाणी येतच राहतं. तिथे डास आटोक्यात ठेवायचे, एवढंच हातात असतं.

टाकी साफ करणं म्हणजे ‘निर्मूलन’, नाल्यावर फवारत राहणं म्हणजे ‘नियंत्रण’. बेट ही समुद्राच्या भिंती असलेली टाकी आहे. बेटाची बेटपणामुळे जी हानी होते, तिच्यावरचा उपायही त्याच बेटपणात आहे. वर सांगितलेल्या अहवालात याचा हिशेब आहे. गेल्या शंभर वर्षांत ९९८ बेटांवर निर्मूलनाचे १,५५० प्रयत्न नोंदले गेले आणि त्यांतले ८८ टक्के यशस्वी झाले. पर्यावरणाच्या बातम्यांत एवढा यशाचा आकडा क्वचितच वाचायला मिळतो.

अट मात्र कडक आहे. बेटावरच्या प्रत्येक प्राण्यापर्यंत सापळा किंवा विष पोचलं पाहिजे. ते वाढतात त्याहून जास्त वेगानं कमी झाले पाहिजेत. आणि बाहेरून नवे येता कामा नयेत. यातलं एक जरी चुकलं तर सगळा खर्च पाण्यात.

अंटार्क्टिकाजवळच्या साउथ जॉर्जिया बेटावर सील आणि देवमासे मारणाऱ्यांच्या जहाजांतून उंदीर पोचले होते. दोनशे वर्षं ते तिथे पक्ष्यांची अंडी खात होते. एका छोट्या धर्मादाय संस्थेनं, साउथ जॉर्जिया हेरिटेज ट्रस्टनं, देणग्या गोळा करून काम हाती घेतलं. २०११ ते २०१५ या काळात तीन हंगामांत हेलिकॉप्टरमधून सुमारे ३०० टन विषारी गोळ्या टाकल्या. त्यांना घाई होती, आणि त्या घाईचं कारण ऐकून मी थक्क झालो. बेटावरच्या हिमनद्यांनी जमिनीचे वेगवेगळे कप्पे पाडले होते, घराला खोल्या असाव्यात तसे. एक खोली साफ करून दुसरीकडे वळलं तरी पहिलीत उंदीर परतू शकत नव्हते. तापमानवाढीनं हिमनद्या मागे सरकत होत्या. भिंत पडली की दोन खोल्या एक होणार होत्या. काम त्याआधी संपलं. मे २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं.

शेवटचं मुंगूस कसं शोधायचं?

सगळ्या मोहिमेतला हा सर्वांत अवघड, आणि मला सर्वांत भावलेला भाग.

अमामी ओशिमा ७१२ चौरस किलोमीटरचं आहे, नागपूर शहराच्या तिपटीहून मोठं. डोंगराळ, दाट जंगलाचं. सुरुवातीला सापळे लावले की मुंगसं भराभर सापडत. प्राणी कमी होत गेले तसा एकेक सापडायला दिवसचे दिवस लागू लागले. २००५ मध्ये या कामासाठी पूर्णवेळ पथक उभं राहिलं, त्याचं नाव ‘अमामी मंगूस बस्टर्स’. या माणसांनी जंगलभर हजारो सापळे लावले, ते पुन्हा पुन्हा तपासले, शेकडो स्वयंचलित कॅमेरे बसवले, मुंगसाचा आणि त्याच्या विष्ठेचा वास ओळखणारे कुत्रे तयार केले. एकूण ३२ हजारांच्या आसपास मुंगसं पकडली गेली.

शेवटचं मुंगूस एप्रिल २०१८ मध्ये सापडलं. घोषणा झाली २०२४ मध्ये. मधली सहा वर्षं ही माणसं रोज जंगलात जात होती, आणि रोज काहीही न सापडणं हेच त्यांच्या कामाचं फळ होतं.

एवढं थांबायचं कशाला? पोलिओ आठवा. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, पण देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं मार्च २०१४ मध्ये. तीन वर्षं एकही रुग्ण नाही, आणि तो आपण शोधत नाही म्हणून नव्हे तर शोधूनही सापडत नाही, हे सिद्ध करावं लागलं. त्या काळातही बूथवर थेंब पाजणं आणि बाळांच्या बोटावर शाई लावणं थांबलं नव्हतं. ‘आहे’ हे एका पुराव्यानं सिद्ध होतं. ‘नाही’ सिद्ध करायला वर्षं लागतात.

एका घरानं नकार दिला तर?

निर्मनुष्य बेटावर हेलिकॉप्टर फिरवता येतं. माणसं राहतात तिथे काय?

संत्रा उत्पादकांना याचं उत्तर अनुभवानं माहीत आहे. बागेत कोळशी (पानं काळी करणारी कीड) आली आणि एकट्यानं फवारणी केली, तर शेजारच्या बागेतून ती पुन्हा येते. सगळ्या शिवारानं एकाच वेळी फवारलं तरच उपयोग. बेटावर तर एका घराचा पोटमाळा सुटला तरी सगळं फसतं, कारण उंदराची एक जोडीही पुरेशी असते.

ऑस्ट्रेलियाचं लॉर्ड हाव बेट जेमतेम साडेचौदा चौरस किलोमीटरचं. वस्ती चारशेच्या आसपास. १९१८ मध्ये मकाम्बो नावाचं जहाज किनाऱ्याजवळ खडकावर आदळलं आणि त्यातून उंदीर उतरले. थोड्याच वर्षांत फक्त याच बेटावर राहणारे पाच प्रकारचे पक्षी संपले. शंभर वर्षांनी उंदीर हटवायची योजना आली तेव्हा गाव दुभंगलं. आमच्या मुलांच्या अंगणात विष ठेवणार? पर्यटक येतील का? गुरांचं काय? हे प्रश्न हट्टीपणाचे नव्हते. आपल्या दारात कोणी विषाचे डबे घेऊन आलं तर आपणही हेच विचारू. २०१५ मध्ये लोकांचं मत घेतलं, तेव्हा ५२ टक्के बाजूनं होते. अगदी काठावरचा कौल.

त्यानंतर आणखी चार वर्षं घरोघरी बोलणी झाली. घरांच्या आसपास विष उघड्यावर न टाकता बंद डब्यांत ठेवलं गेलं, प्रत्येक घराशी वेगळं ठरवून. २०१९ मध्ये काम झालं. २०२१ मध्ये पुन्हा उंदीर दिसले! लगेच कुत्रे, सापळे, कॅमेरे लावून त्यांना गाठलं. आज त्या बेटावरचा वूडहेन हा न उडणारा पक्षी आधीच्या कित्येक पटींनी वाढला आहे आणि लोकांच्या अंगणात फिरतो. विरोध करणाऱ्या ४८ टक्क्यांशी बोलत राहिले, म्हणून हे झालं असं मी समजतो. हुकूम काढून गोदामाचं दार उघडता येईल, प्रत्येक घराचा पोटमाळा नाही.

न्यूझीलंडनं तर २०१६ मध्ये सगळा देशच २०५० पर्यंत उंदीर, स्टोट आणि पॉसम यांच्यापासून मुक्त करायचं ठरवलं. (स्टोट म्हणजे मुंगसासारखा लांबट, चपळ शिकारी. पॉसम म्हणजे झाडावर राहणारा मांजराएवढा प्राणी.) राजधानी वेलिंग्टनच्या मिरामार भागात हजारो घरं आहेत. तिथे लोकांनी परसातल्या सापळ्यात शेंगदाण्याचं लोणी लावलं, शेजाऱ्यांना सापळे वाटले, काय सापडलं ते कळवत राहिले. २०२३ पर्यंत तिथून उंदीर आणि स्टोट गेले. हे शास्त्रज्ञांच्या एकट्याच्या बळावर कधीच झालं नसतं.

पण जीव मारायचे?

आत्याचा खरा प्रश्न हाच होता आणि तो टाळून चालणार नाही.

जिथे जिवंत हलवता येतं तिथे हलवलं जातं. कॅरिबियन समुद्रातल्या रेडोंडा बेटावर उंदरांबरोबर बकऱ्याही बेसुमार होत्या. त्यांनी बेट खरवडून उघडंबोडकं केलं होतं आणि स्वतःही उपाशी मरत होत्या. २०१७ मध्ये सुमारे साठ बकऱ्या पकडून, डोळ्यांवर पट्टी बांधून, हेलिकॉप्टरनं शेजारच्या अँटिग्वा बेटावर नेल्या. उंदीर असे वेचता येत नाहीत.

मग प्रश्न उरतो की न मारण्यानं कोण वाचतं? दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर घरातल्यासारखे साधे उंदीर आहेत. ते रात्री घरट्यात बसलेल्या अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या पिलाला जिवंतपणी कुरतडतात. पिलू उंदरापेक्षा कितीतरी मोठं असतं, पण ते हलत नाही. उंदीर हा शत्रू असू शकतो हे त्याला ठाऊकच नसतं. आपण हात आखडला तरी मरण थांबत नाही, फक्त ते आपल्या नजरेआड होतं.

अर्धवट काम तर सर्वांत क्रूर. दरवर्षी थोडे मारले तर उरलेल्यांना अन्न जास्त मिळतं, ते पुन्हा वाढतात, पुन्हा मारावे लागतात, कायमचे. एकदाच पूर्ण केलं तर त्या बेटावर पुढे कोणालाच मारावं लागत नाही.

विषाबद्दलची शंकाही रास्त आहे. बहुतेक ठिकाणी रक्त गोठू न देणारं औषध वापरतात. त्याचा परिणाम काही दिवसांनी होतो, म्हणून उंदरांना गोळी आणि मरण यांचा संबंध लागत नाही. पण मेलेला उंदीर खाऊन इतर पक्षीही मरू शकतात आणि काही मरतातच. लॉर्ड हाववर म्हणूनच बहुतेक वूडहेन आधीच पकडून, प्राणिसंग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांच्या देखरेखीत काही महिने बंदिस्त ठेवले होते. यशाची हमी तरीही नाही. गॉफ बेटावर २०२१ मध्ये प्रचंड तयारीनं मोहीम झाली आणि काही महिन्यांतच कॅमेऱ्यात उंदीर दिसला.

एक काढलं की दुसरं माजतं, त्याचं काय?

माजतं. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर मांजरं होती, ससे होते, उंदीर होते. सगळे परके. आधी मांजरं हटवली, शेवटचं २००० साली. सशांना मारणाऱ्या रोगाचा जोरही ओसरत चालला होता. सशांना मोकळं रान मिळालं. त्यांनी डोंगरउतारावरचं गवत असं ओरबाडलं की माती सुटली, दरडी कोसळल्या आणि पेंग्विनही त्याखाली सापडले. शेवटी ससे आणि उंदीर एकत्रच काढावे लागले. २०१४ मध्ये बेट मोकळं झालं. तेव्हापासून अशा मोहिमांत कोण कोणाला खातं याचा आराखडा आधी मांडतात, हात नंतर घालतात.

फायदा फक्त पक्ष्यांचा नसतो. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवर शास्त्रज्ञांनी उंदीर असलेली आणि नसलेली बेटं ताडून पाहिली. उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्षी ७६० पट जास्त होते. पक्षी समुद्रात मासे खातात, बेटावर शिटतात, ते खत पावसाबरोबर प्रवाळावर उतरतं. त्या बेटांभोवती माशांचं एकूण वजन ४८ टक्क्यांनी जास्त भरलं. उंदीर जमिनीवर आणि भूक समुद्रातल्या माशाची!

अंदमानला जाऊन आलात का?

नागपुरातून दर हिवाळ्यात कितीतरी कुटुंबं अंदमानला जातात. पोर्ट ब्लेअरजवळच्या (आता श्री विजयपुरम) रॉस बेटावर (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) पर्यटकांच्या हातून खाणारी चितळं बघून मुलं हरखतात. ही चितळं तिथली नाहीत. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती अंदमानात नेली. पेंचमध्ये चितळामागे वाघ आहे, बिबट आहे, रानकुत्री आहेत. अंदमानात यांपैकी कोणीच नाही. चितळ पोहून एका बेटावरून दुसऱ्यावर जातं आणि जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकतं. म्हातारी झाडं उभी आहेत, पण त्यांच्या जागी येणारी पिढी नाही.

पहिल्या पावसात आपल्या डबक्यांत डराव डराव करणारा पिवळाजर्द मोठा बेडूक आठवतो ना? तोही मुख्य भूमीवरून अंदमानात पोचला, बहुधा मत्स्यबीजासोबत. तिथे त्याचे भैकेर (बेडकाची पिल्लं) स्थानिक बेडकांची पिल्लं खातात. चितळ आणि बेडूक, आपल्या ओळखीचे दोघेही तिथे आक्रमक. प्राणी तोच, जागा बदलली की त्याचा अर्थ बदलतो.

तिथले उपाय सोपे नाहीत. चितळाला आपल्या कायद्याचं संरक्षण आहे आणि लोकांचा त्याच्यावर जीव आहे. लॉर्ड हाववर चार वर्षं बोलणी लागली, इथे कदाचित जास्त लागतील.

नागपूरला समुद्रच नाही, मग आपल्याला काय?

झिरो माइलपासून कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण तलाव हे पाण्यातल्या जिवांचं बेटच आहे, भोवती जमीन असलेलं. अंबाझरीत जलपर्णी पसरली की यंत्रं लावून ती काढावी लागते. ही दक्षिण अमेरिकेतली वनस्पती, फुलं सुंदर म्हणून जगभर नेली गेली. पाणी पोषक असेल तर दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते आणि तिचं बी गाळात कित्येक वर्षं जिवंत राहतं. तिला पोसतं सांडपाणी. सांडपाणी येत राहिलं तर आपण टाकी साफ करतोय असं वाटतं, पण खरं तर नाल्यावर फवारत असतो.

जंगलात घाणेरी, पडीक जागेत गाजर गवत, पाणथळ कडेला बेशरम. हे सगळे परकेच आणि यांचं पूर्ण निर्मूलन आता शक्य नाही. जमिनीला समुद्राच्या भिंती नाहीत. इथे नियंत्रणच. गाजर गवतासाठी १९८०च्या दशकात मेक्सिकोहून एक भुंगा आणला गेला. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय तो वाढवून वाटतं, आणि दर ऑगस्टमध्ये १६ ते २२ तारखेला गाजर गवत जागृती सप्ताह होतो.

इथे वाचक विचारेल, हे मुंगूस सोडण्यासारखंच नाही का? फरक आहे. मुंगूस समोर येईल ते खातं. हा भुंगा गाजर गवतावरच जगतो का, हे आधी बंदिस्त जागेत तपासलं होतं. मध्यंतरी तो सूर्यफुलावर दिसला तेव्हा खळबळ उडाली, समिती बसली, पुन्हा तपासणी झाली, आणि मगच काम पुढे सुरू राहिलं. १९७९ मध्ये अमामीवर असं कोणी थांबून विचारलं असतं तर पुढची ४५ वर्षं वाचली असती.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र दाराशीच आहे. याला ‘जैवसुरक्षा’ म्हणतात, म्हणजे कूलरच्या टाकीला झाकण. ग्वामहून निघणारं सामान कुत्रे हुंगतात, तो साप हवाईला पोचू नये म्हणून. साउथ जॉर्जियाला जाणाऱ्या प्रवाशांचे बूट आणि पिशव्यांच्या शिवणी तपासतात, गवताचं बी अडकलं असेल म्हणून. आपण निदान एवढं करावं: मुलांसाठी हौसेनं आणलेलं रुपयाएवढं, लाल कानांचं अमेरिकन कासव ताटाएवढं झालं की तलावात सोडू नये. पेटीतले मासेही नाहीत. आपल्याला ती सुटका वाटते, तलावाला तो घुसखोर असतो. ज्या दुकानातून आणलं तिथे विचारावं, कोणी पाळणारा शोधावा, नाहीतर आणूच नये.

हे सगळं मी गेल्या महिन्यात आत्याला सांगितलं. तिनं मध्ये फारसं न बोलता सगळं ऐकलं. मग विचारलं, “अन् त्या सशायचं काय झालं?”

ससे वाढले. इतके की आता ते जंगलातून बागांपर्यंत येतात. अमामीत तानकान नावाची संत्री पिकतात, आणि हे काळे ससे त्या झाडांची साल कुरतडतात. शेतकरी बुंध्यांना जाळी गुंडाळू लागलेत.

आत्याचं सासर काटोलचं, घरची संत्र्याची बाग. तिनं मान डोलावली. “मंग लावाव जाळी. आमी रोह्यापासून (नीलगायीपासून) बाग नाही राखत?”